१७९३ मध्ये फ्रान्स फुटला असता तर?

१३ जुलै १७९३, शनिवार. संध्याकाळी पॅरिसमध्ये शार्लोत कोर्दे या चोवीस वर्षांच्या तरुणीने झाँ-पॉल मारा या जहाल क्रांतिकारकाला त्याच्या न्हाणीघरात सुरा खुपसून ठार केलं. ती नॉर्मंडीतल्या काँ शहरातून आली होती. त्याच दिवशी, पॅरिसच्या पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर, काँमधूनच निघालेली एक छोटी बंडखोर फौज पॅरिस सरकारच्या फौजेला सामोरी गेली. तोफांचे काही बार झाले, बंडखोरांची फळी विस्कटली, सरकारी बाजूलाही गोंधळ माजला आणि माणसं घरच्या वाटेला लागली. जीव जवळपास कोणाचाच गेला नाही. फ्रान्समध्ये या चकमकीला ‘अश्रूंविना लढाई’ म्हणतात.

माराचा खून जगाच्या लक्षात राहिला, चकमक विसरली गेली. पण फ्रान्स एकसंध राहिला तो का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चकमकीत आहे. ती माणसं पळाली कारण पॅरिसपासून वेगळं व्हायचं होतं म्हणून ती घराबाहेर पडलीच नव्हती. त्यांना पॅरिस दुरुस्त करायचं होतं, आणि त्यासाठी मरायची तयारी फार थोड्यांची होती.

त्या महिन्यातला नकाशा मात्र कोणालाही घाबरवेल असा होता. ल्योन, मार्सेय, बोर्दो आणि काँ ही शहरं पॅरिसच्या सरकारविरुद्ध उठली होती. देशातल्या सुमारे निम्म्या जिल्ह्यांनी निषेधाचे ठराव पाठवले होते. पश्चिमेला व्हाँदे भागातले शेतकरी मार्चपासून हत्यारं घेऊन उभे होते. उत्तरेचे किल्ले ऑस्ट्रियाच्या हाती जात होते, दक्षिणेला स्पेन पर्पिन्याँच्या वेशीशी आला होता, आल्प्सपलीकडे सार्डिनियाचं राज्य टपून होतं आणि समुद्रावर इंग्रज. इतक्या ठिकाणी तडे गेलेलं राज्य फुटलं नाही हेच नवल. मग ते फुटू शकलं असतं का, आणि फुटलं असतं तर कोणत्या रेषांवर? जर-तरचा असा प्रश्न विचारला की जे खरोखर घडलं त्यातली कोणती गोष्ट निर्णायक होती आणि कोणती नुसती गाजलेली, हे वेगळं काढता येतं.

या कल्पनेवर नकाशे रंगवणारे बहुतेक जण जुन्या प्रांतांच्या रेषा गिरवतात: इकडे ब्रिटनी, तिकडे ऑक्सितानिया, मध्ये बर्गंडी. माझ्या मते तो नकाशा चुकीचा आहे. का, ते समजायला चार वर्षं मागे जावं लागेल.

गोधडी आणि शिवण

राजेशाहीतला फ्रान्स म्हणजे निरनिराळ्या काळात जोडलेल्या तुकड्यांची गोधडी होती. उत्तरेत गावोगावच्या रूढींवर चालणारा कायदा होता, दक्षिणेत रोमन परंपरेतला लिखित कायदा. मालाला एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना जकात पडायची. मिठावरचा कर सर्वांत बदनाम: पॅरिसभोवतीच्या प्रदेशात तो प्रचंड होता, ब्रिटनीत अजिबात नव्हता. त्यामुळे ब्रिटनीच्या सीमेवर मिठाची चोरटी आयात हा कित्येक गरीब कुटुंबांचा धंदाच होता. वजनं-मापं गावागणिक बदलायची. भाषांचं तर विचारूच नका. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरू-सभासदाने संसदेपुढे अहवाल मांडला, त्यात अंदाज होता की सुमारे ६० लाख लोकांना फ्रेंच येतच नाही आणि अस्खलित बोलणारे जेमतेम ३० लाख आहेत. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या आसपास होती.

म्हणजे फुटायला लागणारं सगळं सामान हजर होतं. पण ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत एक विलक्षण गोष्ट घडली. सरदारांनी आपले सरंजामी हक्क सोडल्याचं आपण शाळेत वाचतो. त्याच रात्री प्रांतांच्या आणि शहरांच्या प्रतिनिधींनीही एकामागून एक उठून आपापल्या भागाच्या खास सवलतींवर पाणी सोडलं. त्यानंतरच्या काही महिन्यांत प्रांत हा घटकच रद्द झाला आणि देशाचे ८३ ‘देपार्तमाँ’, आपल्या भाषेत जिल्हे, पाडण्यात आले. त्यांना नद्यांची, डोंगरांची, किनाऱ्यांची नावं दिली, म्हणजे जुनी राज्यं आणि जुने अभिमान नावातही उरू नयेत. जिल्ह्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून मुख्य ठिकाणी घोड्यावरून साधारण एका दिवसात पोचता यावं, हा आकार ठरवण्याचा निकष होता.

ही नवी शिवण किती पक्की बसली याचा पुरावा १७९३ च्या बंडांतच सापडतो. ल्योन उठलं ते ऱ्होन-ए-ल्वार जिल्हा म्हणून, बोर्दो उठलं ते जिरोंद जिल्हा म्हणून, काँ उठलं ते काल्व्हादोस जिल्हा म्हणून. नॉर्मंडीचं जुनं ड्यूकचं राज्य परत द्या किंवा प्रोव्हाँसचे जुने हक्क द्या अशी मागणी या शहरांनी केली नाही. नवी जिल्हा प्रशासनं, नव्या निवडणुका, नवे राष्ट्ररक्षक दल हीच बंडाची हत्यारं होती. प्रांतांच्या नावाने रंगवलेले नकाशे मला पटत नाहीत ते यासाठी.

भांडण नेमकं कशाचं होतं

क्रांती बिघडत गेली ती टप्प्याटप्प्याने. जुलै १७९० मध्ये चर्चला सरकारी खात्यासारखं बांधून घेणारा कायदा झाला आणि पुढे प्रत्येक धर्मगुरूला त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. देशभरातल्या साधारण निम्म्या ग्रामगुरूंनी नकार दिला, पश्चिमेकडे तर बहुसंख्यांनी. गावातल्या माणसाला बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी यांसाठी जो माणूस लागतो, तोच एकाएकी गुन्हेगार ठरला. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं, ऑगस्टमध्ये राजवाड्यावर हल्ला होऊन राजा कैद झाला, सप्टेंबरमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि चारच दिवसांत २५ तारखेला नव्या संसदेने, म्हणजे कन्व्हेन्शनने, ते ‘एक आणि अविभाज्य’ असल्याचा ठराव केला. २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. फेब्रुवारीत ब्रिटन आणि हॉलंडशी युद्ध पुकारलं गेलं आणि तीन लाख सैनिक उभे करण्याचा हुकूम सुटला. व्हाँदेचा उठाव पेटला तो या सैनिकभरतीवरून.

कन्व्हेन्शनमध्ये दोन गट झुंजत होते. एका बाजूला जिराँदिस्त: बरेचसे बंदरांच्या आणि व्यापारी शहरांच्या भागातून आलेले वकील, लेखक, वक्ते. दुसऱ्या बाजूला सभागृहात उंचावरच्या बाकांवर बसणारे, म्हणून ‘पर्वत’ म्हटले गेलेले जहाल: रोब्सपिएर, दांताँ, मारा. दोघेही प्रजासत्ताकवादी होते. मतभेदाचं मूळ पॅरिसच्या रस्त्यावरच्या ताकदीत होतं. राजवाडा पॅरिसच्या गर्दीने जिंकला, मग प्रत्येक निर्णय त्या गर्दीच्या धाकाखालीच व्हायचा का? पॅरिसचा प्रभावही ८३ मधला एक भाग एवढाच असला पाहिजे, असं लासूर्स हा जिराँदिस्त सप्टेंबर १७९२ मध्येच म्हणाला होता. मे १७९३ मध्ये इस्नार या दुसऱ्याने तर धमकी दिली की लोकप्रतिनिधींना हात लावलात तर पॅरिस नष्ट होईल आणि सेन नदीच्या काठी हे शहर कधी होतं का, याचा लोकांना शोध घ्यावा लागेल. इतकं भडक बोलून त्याने विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. २ जून रोजी आँरियोच्या हुकमतीखाली पॅरिसच्या राष्ट्ररक्षकांनी तोफांसह संसदेला वेढा घातला आणि जिराँदिस्तांचे २९ सभासद अटकेत टाकायला लावले. काही निसटले, काँ आणि बोर्दोकडे पळाले.

निवडून दिलेल्या माणसांना राजधानीतल्या जमावाने हाकललं, हा राग जिल्ह्यांत खरा होता आणि रास्तही होता. पॅरिसने त्याला ‘संघराज्यवाद’ असं नाव दिलं. म्हणजे हे लोक अमेरिकेसारखे, त्याहून वाईट म्हणजे देश तोडणारे, असा आरोप. प्रत्यक्षात बंडखोर शहरांच्या जाहीरनाम्यांतही ‘एक आणि अविभाज्य प्रजासत्ताक’ हीच घोषणा असायची. शिवाय ते एकट्या पॅरिसविरुद्ध लढत नव्हते, घरातही लढत होते. ल्योनच्या मध्यमवर्गाने २९ मे रोजी शालिए या स्थानिक जहालाची नगरसत्ता उलथून टाकली आणि जुलैत त्यालाच गिलोटिनखाली मारलं. रेशमाचा धंदा बसलेल्या त्या शहरात कारागीर आणि व्यापारी यांच्यातली तेढ जुनी होती. बंडाची धार बऱ्याच ठिकाणी अशी गल्लीतल्या भांडणातून आलेली होती, आणि म्हणूनच ती गावच्या वेशीबाहेर फार लांब जात नव्हती.

तीन बिजागऱ्या

तरीही मोठी फूट पडू शकली असती. त्या उन्हाळ्यात तीन ठिकाणी गोष्टी थोडक्यात निसटल्या.

पहिलं ठिकाण ऱ्होन नदीचं खोरं. ल्योन आणि मार्सेय यांच्यामध्ये सुमारे ३०० किलोमीटरची ही चिंचोळी वाट आहे: एका बाजूला डोंगराळ मध्य फ्रान्स, दुसऱ्या बाजूला आल्प्सच्या पायथ्याचे डोंगर. मार्सेयची फौज जुलैच्या सुरुवातीला आव्हिन्याँपर्यंत चढली होती. ल्योनने सेंत-एतिएन या बंदुका बनवणाऱ्या गावात आपली माणसं घुसवली होती. दोघांची गाठ पडली असती तर रेशमाचं शहर, बंदुकांचं शहर, फ्रान्सचं भूमध्य समुद्रावरचं सर्वांत मोठं बंदर आणि पलीकडचा तुलाँचा आरमारी तळ एका दोरीत ओवले गेले असते. ती गाठ पडली नाही, कारण मधला द्रोम जिल्हा आणि त्याचं मुख्य शहर व्हालाँस कन्व्हेन्शनच्या बाजूने राहिले. जूनच्या अखेरीस व्हालाँसमध्ये आसपासच्या गावांतल्या क्रांतिमंडळांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी बंडाला नकार दिला. शेजारच्या ग्रनोब्लला द्युब्वा-क्राँसे या कन्व्हेन्शनच्या प्रतिनिधीने ताब्यात ठेवलं. मग कार्तो हा पूर्वी चित्रकार असलेला सेनापती त्या फटीतून खाली उतरला, त्याने आव्हिन्याँ परत घेतलं आणि २५ ऑगस्टला मार्सेयमध्ये शिरला. मार्सेयचे लोक तेव्हा समुद्रात उभ्या असलेल्या इंग्रज नौसेनापती हूडशी धान्यासाठी बोलणी करत होते. कार्तो काही दिवस उशिरा पोचता तर त्या बंदरावर इंग्रजी झेंडा लागला असता. तुलाँमध्ये नेमकं तेच झालं. महिनाअखेरीस शहराने बंदर, आरमार, सगळं हूडच्या हवाली केलं.

व्हालाँससारख्या लहान शहरातल्या त्या बैठकीला मी मोठ्या लढायांच्या वर ठेवतो. तिथे जमलेल्या माणसांची नावं आज कोणी घेत नाही, पण आग्नेय फ्रान्सचा वेगळा गट उभा राहू शकला असता तो तिथेच अडला.

दुसरं ठिकाण नाँत, ल्वार नदीच्या मुखाजवळचं बंदर. व्हाँदेच्या ‘कॅथलिक आणि राजनिष्ठ सेने’ने ९ जूनला सोम्यूर घेतलं आणि २९ जूनला नाँतवर चाल केली. बचाव करणारे संख्येने फारच कमी होते. हल्ल्यात कातलिनो हा फेरीवाला-सेनापती गोळी लागून जखमी झाला, पुढे त्यातच गेला, आणि हल्ला मोडला. आता यातली गंमत पाहा, गंमत म्हणण्यापेक्षा शोकांतिका. नाँतच्या नगरसत्तेचा स्वतःचा कल पॅरिसविरोधीच होता. महापौर बाको जखमी होऊनही लढला, आणि पुढे त्याच बाकोला पॅरिसने तुरुंगात टाकलं. पॅरिसचे दोन शत्रू एकमेकांशी लढत होते, कारण एकाला राजा हवा होता आणि दुसऱ्याला प्रजासत्ताक. नाँत पडलं असतं तर व्हाँदेच्या शेतकऱ्यांना खोल पाण्याचं बंदर मिळालं असतं, इंग्रजी दारूगोळा आणि पैसा सरळ उतरला असता. नंतर नोव्हेंबरमध्ये ते बंदराच्या शोधात पार नॉर्मंडीतल्या ग्रांव्हिलपर्यंत गेले, तिथे हरले आणि परतीच्या वाटेवर बायका-मुलांसह संपवले गेले.

तिसरं ठिकाण उत्तरेची सरहद्द, आणि तिथला निर्णय फ्रेंचांच्या हातात नव्हताच. त्याकडे येण्याआधी गावाकडे पाहणं भाग आहे.

जमिनीचा कागद

बंडं शहरांत झाली, पण फ्रान्स शेतकऱ्यांचा देश होता. कन्व्हेन्शनने जून-जुलैच्या त्याच ऐन आणीबाणीत तीन गोष्टी केल्या. पळालेल्या सरदारांच्या जमिनी लहान तुकड्यांत विकायचं ठरवलं. १७ जुलैला उरलेसुरले सगळे सरंजामी देणं-घेणं कोणत्याही भरपाईशिवाय रद्द केलं. आणि एक अत्यंत लोकशाहीवादी राज्यघटना मतदानाला टाकली. सुमारे १८ लाख लोकांनी तिला होकार दिला, नकार देणारे १२ हजारांच्या आसपास. ती घटना कधी अमलात आली नाही, पण पॅरिसमध्ये हुकूमशाही आली आहे या बंडखोरांच्या मुख्य आरोपातली हवा तिने काढून घेतली.

चर्चच्या जमिनी तर १७९० पासूनच लिलावात निघत होत्या. त्या विकत घेणारा वकील असो, गिरणीवाला असो वा सधन शेतकरी, त्याच्या हातातला खरेदीखताचा कागद हे प्रजासत्ताक टिकेपर्यंतच खरा होता. राजा परत आला की जमीन मठाकडे परत जाईल, ही भीती त्याला घट्ट बांधून ठेवत होती. काँच्या बंडाचा सेनापती विंपफेन याने इंग्रजांची मदत घ्यायची सूचना केली तेव्हा तिथे आश्रयाला आलेल्या जिराँदिस्तांनीच ती झिडकारली. तत्त्व तर होतंच, पण अशा मदतीबरोबर राजा येणार आणि राजाबरोबर जुने मालक, हे सगळे जाणून होते.

म्हणून मला वाटतं, फ्रान्स फुटलाच असता तर दोन तुकड्यांमधली खरी सीमा भाषेवर ठरली नसती. पलीकडे खरेदीखत चालतं की नाही आणि कोणता कागदी पैसा चालतो, यावर ठरली असती. याची चाहूल लागलीही होती. सरकारी कागदी चलन असिन्या ऑगस्ट १७९३ पर्यंत दर्शनी किमतीच्या चौथाईच्याही खाली घसरलं होतं. वेढ्यातल्या ल्योनने स्वतःच्या नोटा काढल्या. व्हाँदेच्या सेनेने आपल्या हद्दीत शिरच्छेद झालेल्या राजाचा मुलगा, बालराजा सतरावा लुई, याच्या नावाने हुंड्या चालवल्या. राज्य फुटताना झेंडे बदलण्याच्या आधी बाजारातल्या नोटा बदलतात.

भाषेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बारेर या सभासदाने जानेवारी १७९४ मध्ये कन्व्हेन्शनमध्ये म्हटलं की संघराज्यवाद आणि अंधश्रद्धा ब्रेटन बोलतात, प्रजासत्ताकाचा द्वेष जर्मन बोलतो, प्रतिक्रांती इटालियन बोलते आणि धर्मवेड बास्क बोलतं. हे वाक्य फार उद्धृत होतं, पण ते खरं नव्हतं. काँ, ल्योन, बोर्दो इथल्या बंडांचे पुढारी उत्तम फ्रेंच बोलणारे आणि लिहिणारे होते. व्हाँदेतले शेतकरीही ब्रेटन बोलत नव्हते. भाषेला शत्रू ठरवून पुढे शंभर-दीडशे वर्षं शाळांमधून ब्रेटन, दक्षिणेतली ऑक्सितान बोलणाऱ्या मुलांना जे सोसावं लागलं, त्याचं बी त्या भाषणात आहे, आणि त्याबद्दल मला आजही चीड येते.

शेजारी काय करत होते

बाहेरून राज्य कसं फोडतात, त्याचं जिवंत उदाहरण त्याच वर्षी युरोपच्या दुसऱ्या टोकाला घडत होतं. लुईचा शिरच्छेद झाला त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ जानेवारी १७९३ ला, रशिया आणि प्रशियाने पोलंडच्या दुसऱ्या फाळणीचा करार केला. ऑस्ट्रियाला त्यात काहीच मिळालं नाही. मग भरपाई कुठून? नजर फ्रान्सकडे वळली. एप्रिलच्या सुरुवातीला ऑस्ट्रियन सेनापती कोबुर्ग याने आम्ही मुलूख जिंकायला आलो नाही, राज्यघटनेसह राजेशाही परत आणू, असं जाहीर केलं. जाहीर केल्यापासून चारच दिवसांत, मित्रराष्ट्रांच्या बैठकीनंतर, त्याला ते शब्द मागे घ्यावे लागले. जुलैत काँदे आणि व्हालाँसिएन हे उत्तरेचे किल्ले पडले, तेव्हा ताबा घेतला गेला तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या नावाने. फ्रान्सच्या राजाचं नावही निघालं नाही.

आणि इथेच तिसरी बिजागरी निखळली. व्हालाँसिएनपासून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर, वाटेत मोडकळलेली फ्रेंच फौज, बहुतेक तुकड्या बंडांवर गुंतलेल्या. पण ब्रिटनला डंकर्कचं बंदर हवं होतं म्हणून ड्यूक ऑफ यॉर्क समुद्राकडे वळला. ऑस्ट्रियाला आणखी किल्ले हवे होते म्हणून कोबुर्ग तिथेच वेढे घालत बसला. प्रशियाचं चित्त पोलंडमध्ये. प्रत्येकाने आपला तुकडा आधी हातात घ्यायचं ठरवलं आणि त्या सहा-आठ आठवड्यांत पॅरिसने श्वास घेतला. २३ ऑगस्टला साऱ्या राष्ट्राला युद्धासाठी जुंपणारा हुकूम निघाला, सप्टेंबरमध्ये ओंद्स्कोतला आणि ऑक्टोबरमध्ये वातिन्यीला फ्रेंच जिंकले. ल्योन ९ ऑक्टोबरला पडलं, तुलाँ १९ डिसेंबरला. तुलाँच्या तोफखान्यावर चोवीस वर्षांचा बोनापार्त होता.

फुटलेल्या फ्रान्सचं चित्र आता काढता येतं. समजा व्हालाँस बंडात सामील झालं, नाँत पडलं, आणि मित्रराष्ट्रं उत्तरेत आहेत तिथेच रेंगाळली. तर १७९४ मध्ये मला तीन फ्रान्स दिसतात. मध्ये पॅरिसचं प्रजासत्ताक: पॅरिसजवळच्या बोस आणि ब्री या सुपीक भागांचं धान्य त्याचं, अंतर्गत रस्ते त्याचे, माणसं मुबलक. आग्नेयेला ऱ्होनच्या वाटेवरचा गट: श्रीमंत पण धान्यासाठी समुद्रावर, म्हणजे इंग्रजांवर अवलंबून. तो वर्षभरात प्रजासत्ताक राहिला नसता. खऱ्या ल्योनमध्येही वेढ्यातला सेनापती प्रेसी राजनिष्ठ होता आणि तुलाँने तर उघडपणे सतराव्या लुईचं नाव घेतलं. पश्चिमेला ल्वारच्या दोन्ही बाजूंना धर्म आणि राजा यांच्या नावाने लढणारा तिसरा गट, ज्याचे सैनिक सुगीला घरी जातात. कडेकडेने परक्यांचे तुकडे: उत्तरेत ऑस्ट्रिया, पर्पिन्याँभोवतीच्या रुसियोंमध्ये स्पेन, साव्हॉय आणि नीसमध्ये सार्डिनिया.

यातला कोणीही स्वतःला नवा देश म्हणवत नसता. तिघेही आपणच संपूर्ण फ्रान्स असल्याचा दावा करत राहिले असते. आठ वर्षांचा बालराजा तर पॅरिसच्याच कैदेत होता, आणि त्याचा काका प्रोव्हाँसचा काउंट कुठेही उतरला तर राजप्रतिनिधी म्हणून मान मागेल, म्हणून तुलाँ हातात असताना ब्रिटनने त्याला तिथे येऊ दिलं नाही. माझ्या अंदाजाने हे चार-पाच वर्षं चाललं असतं आणि शेवटी पॅरिसच जिंकलं असतं, कारण धान्य, माणसं आणि मध्यभाग त्याच्याकडे होता. पण कडेचे तुकडे परत मिळाले नसते. फ्रान्स एक राहता, पण पोलंडसारखा कुरतडलेला.

जे प्रत्यक्षात घडलं त्याची किंमत झाकून ही तुलना करता येणार नाही. ल्योनमध्ये सुमारे १,९०० माणसं मारली गेली, काहींना तोफांसमोर उभं करून, आणि शहराचं नावसुद्धा पुसायचा ठराव झाला. व्हाँदेमध्ये १७९४ च्या हिवाळ्यात सरकारी तुकड्यांनी गावंच्या गावं जाळली. तिथल्या मृतांचे अंदाज लाखाच्या पुढे जातात. नाँतमध्ये कैद्यांना होड्यांत भरून ल्वारमध्ये बुडवलं गेलं. एकात्मतेसाठी हे सगळं अटळ होतं असं म्हणणारे लेखक अजूनही आहेत. तारखा पाहा: व्हाँदेची मुख्य सेना डिसेंबर १७९३ मध्ये संपली होती, गावं जाळायला सुरुवात झाली ती जानेवारीत. देश वाचवण्याचं काम तोवर झालेलं होतं.

या फुटीचा धागा आपल्यापर्यंतही पोचतो. महादजी शिंद्यांची कवायती पलटणं उभी करणारा द बॉइन्य हा साव्हॉयचा, म्हणजे १७९२ मध्ये फ्रान्सने गिळलेल्या प्रदेशाचा. त्याच्यामागून शिंद्यांच्या फौजेची सूत्रं पेराँ या फ्रेंच माणसाकडे गेली. १७९८ मध्ये बोनापार्त इजिप्तमध्ये उतरला आणि त्याच वर्षी गव्हर्नर-जनरल होऊन आलेल्या वेलस्लीने फ्रेंचांची भीती पुढे करून आधी टिपूवर युद्ध लादलं, मग वसईच्या तहानंतर १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांवर. कुरतडलेल्या, आपसांत लढणाऱ्या फ्रान्सकडून इजिप्तची मोहीम निघालीच नसती. कंपनीची भूक त्याने शमली नसती, पण लंडनला पटवून देण्याजोगं वेलस्लीचं सर्वांत वजनदार कारण नाहीसं झालं असतं, आणि पुण्याच्या दरबाराला बहुधा काही वर्षं जास्त मिळाली असती.

एक तुकडा मात्र खरंच तुटला, आणि त्याचं पुढे काय झालं हे बाकीच्या तुकड्यांबद्दल बरंच सांगून जातं. कॉर्सिका बेट फ्रान्सकडे आलं होतं १७६८ मध्ये. तिथला म्हातारा पुढारी पास्काल पाओली याच्या अटकेचा हुकूम कन्व्हेन्शनने एप्रिल १७९३ मध्ये काढला, तसं बेट बिथरलं. बोनापार्त कुटुंबाला तिथून पळावं लागलं ते याच धामधुमीत. जून १७९४ मध्ये इंग्रजांच्या मदतीने कॉर्सिकाचं वेगळं राज्य जाहीर झालं: स्वतःची घटना, स्वतःची संसद, राजा मात्र इंग्लंडचा तिसरा जॉर्ज. राजाचा प्रतिनिधी म्हणून गिल्बर्ट एलियट आला. त्याचं आणि पाओलीचं लवकरच बिनसलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये पाओलीला इंग्लंडला जावं लागलं. पुढच्या वर्षी बोनापार्त इटलीत जिंकत सुटला, स्पेनने फ्रान्सशी हातमिळवणी केली, भूमध्य समुद्रात टिकणं इंग्रज आरमाराला जड झालं. ऑक्टोबर १७९६ मध्ये इंग्रज जहाजं बेट सोडून निघाली आणि फ्रेंच सैन्य जवळजवळ विनासायास परतलं. राज्य दोन वर्षं आणि काही महिने टिकलं. एलियट पुढे लॉर्ड मिंटो झाला, १८०७ मध्ये गव्हर्नर-जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला, आणि १८१० मध्ये त्याच्याच कारकिर्दीत हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेने फ्रेंचांकडून मॉरिशस घेतलं.